सेंट्रल एसी घर गार करेनासा झाला तर: आधी काय पाहायचं, मग काय, आणि कुठे थांबायचं

जून उजाडला की फोन सुरू होतात. "एसी चालू आहे, पण घर गारच होत नाही. थर्मोस्टॅट ६५ वर नेलाय, तरी आत ८२. गॅस संपला असेल का हो?" टेक्ससमध्ये नवं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची चूक बहुतेक वेळा एकच असते. मधल्या पाच-सहा गोष्टी न बघता थेट गॅसवर उडी मारायची. पुण्या-मुंबईत स्प्लिट एसीवाला आला की "गॅस भरून टाकतो" म्हणायचा, तेच डोक्यात बसलेलं असतं.

इथल्या सेंट्रल एसीत बिघाडाचं मूळ बहुतेकदा हवेत किंवा पाण्यात असतं: हवा नीट खेचली जात नाही, नाहीतर पाण्याचा निचरा होत नाही. दोन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात, पण क्रम पाळावा लागतो. क्रम चुकला तर साधी अडचण कंप्रेसरपर्यंत जाऊन पोचते.

खालचं सगळं उत्तर टेक्ससमधल्या नेहमीच्या घराला धरून लिहिलं आहे: आतलं युनिट माळ्यावर, फर्नेसला (हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या यंत्राला) जोडलेलं, आणि बाहेरचं युनिट घराच्या कडेला काँक्रीटच्या ओट्यावर. अंश सगळीकडे फॅरेनहाइटचे.

## आधीची तयारी

एसी बंद पडल्यावर, घामाघूम होऊन ब्रेकर शोधत फिरण्यात अर्थ नाही. एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी या जागा शोधून फोनमध्ये फोटो काढून ठेवा:

- एसीचे दोन ब्रेकर. बाहेरच्या युनिटचा जोडब्रेकर असतो, आतल्या युनिटचा वेगळा. काही घरांत एक आत आणि एक घराच्या बाहेरच्या पेटीत असतो.
- बाहेरच्या युनिटशेजारी भिंतीवरची, त्या युनिटची वीज तोडणारी छोटी पेटी, म्हणजे डिस्कनेक्ट.
- माळ्यावर आतल्या युनिटजवळचा स्विच.
- फिल्टरची जागा आणि त्याच्या कडेवर छापलेलं माप, उदाहरणार्थ १६×२५×१.
- पाणी बाहेर पडणाऱ्या दोन्ही नळ्यांची तोंडं.

हाताशी एवढं ठेवा: टॉर्च, योग्य मापाचे दोन नवे फिल्टर, पाक किंवा दुधाचं तापमान बघायला वापरता तो टोकदार डिजिटल थर्मामीटर, बागेचा पाइप, ओला-सुका व्हॅक्यूम, पांढरं व्हिनेगर आणि एक जुनी चिंधी.

इशारा: माळ्यावर सकाळी नऊच्या आत जा. उन्हाळ्यात दुपारी तिथलं तापमान १३० च्या वर जातं आणि दहा मिनिटांत चक्कर येते. पाय फक्त लाकडी वाशांवर किंवा प्लायवूडवर ठेवा. इन्सुलेशनखाली नुसता ड्रायवॉल, म्हणजे छताचा पातळ पत्रा असतो जिप्समचा, त्यावर पाय पडला तर माणूस थेट खालच्या खोलीत. तुम्ही वर असताना घरात दुसरं कुणीतरी असलंच पाहिजे.

## पायरी १: थर्मोस्टॅट

मोड "कूल", पंखा "ऑटो", आणि आकडा खोलीच्या तापमानापेक्षा तीन अंशांनी खाली. आता पाच मिनिटं हात लावू नका. बहुतेक थर्मोस्टॅट कंप्रेसर बंद झाल्यावर तो लगेच सुरू होऊ देत नाहीत, म्हणून दर मिनिटाला आकडा बदलत राहिलात तर काहीच कळणार नाही.

आकडा ६५ वर नेल्याने घर लवकर गार होत नाही. साधा एसी एकाच जोराने चालतो. ७६ ला जेवढा जोर लावतो तेवढाच ६५ ला. फक्त थांबत नाही.

पंखा "ऑन" ठेवण्याची सवयही सोडा. कॉइलवर (आतल्या युनिटमधल्या, हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावर) साठलेलं पाणी कंप्रेसर थांबल्यावर निचरून जायला हवं. पंखा फिरत राहिला तर तीच ओल पुन्हा घरात येते. ह्यूस्टनकडच्या दमट हवेत घर गार असूनही कोंदट वाटतं, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

तपासा: पडदा कोरा दिसला तर बॅटरी बदला. बदलूनही कोराच राहिला तर थर्मोस्टॅट खराब झाला असं धरू नका. पाण्याचा सुरक्षा-स्विच पडला असेल तरी काही घरांत पडदा असाच कोरा होतो. पायरी २ उरकून सरळ पायरी ५ कडे या.

## पायरी २: वीज

दोन्ही ब्रेकर पाहा. ट्रिप झालेला ब्रेकर मध्येच अडकलेला असतो, नुसता पाहून कळत नाही. आधी पूर्ण "ऑफ" कडे दाबा, मग "ऑन" करा.

मग माळ्यावरचा स्विच. तो अगदी दिव्याच्या बटणासारखा दिसतो. माळ्यावरून बॅगा काढायला गेलेला माणूस खाली येताना "दिवा" म्हणून तो बंद करतो आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यावर आजच चिठ्ठी चिकटवा: "एसी. बंद करू नये." फर्नेसचा पत्र्याचा दरवाजाही नीट बसलेला पाहिजे. आत एक छोटं बटण असतं. दरवाजा अर्धा इंच उघडा राहिला तरी ते सगळं बंद ठेवतं.

थांबा: ब्रेकर एकदाच वर करायचा. पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा प्रयत्न नाही. कंप्रेसर किंवा वायरिंगमध्ये दोष असताना ब्रेकर चढवत राहणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथून पुढचं काम तंत्रज्ञाचं.

## पायरी ३: फिल्टर आणि हवेचा मार्ग

आपल्या घरांत सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे.

स्प्लिट एसीची जाळी धुऊन परत बसवायची, ही सवय इथे चालत नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर धुवायचा नसतो, फेकायचा असतो. एक इंचाचा असेल तर महिन्याला पाहा आणि फार तर तीन महिन्यांत बदला. चार इंची जाड फिल्टर सहा महिने ते वर्षभर जातो. पाकिटावरचे "९० दिवस" मात्र आपल्या घराला लागू होतीलच असं नाही. रोजच्या फोडण्या, दिवाळीचं तळण, देवघरातली उदबत्ती हे सगळं त्याच फिल्टरवर येऊन बसतं. शेगडीवरचा एक्झॉस्ट हवा खरंच बाहेर टाकतो का तेही बघा. बऱ्याच घरांत मायक्रोवेव्हखालचा पंखा तीच हवा गाळून परत स्वयंपाकघरात सोडतो. असं असेल तर महिन्याभरातच फिल्टर तपकिरी आणि बोटाला चिकट लागतो. माझ्या घरी दिवाळीनंतर नवा फिल्टर हा नियमच आहे.

बदलताना:

१. एसी थर्मोस्टॅटवरून बंद करा.
२. फिल्टरच्या कडेवरचा बाण युनिटच्या दिशेने, म्हणजे हवा जाते त्या दिशेने ठेवा.
३. माप तंतोतंत हवं. कडेला फट राहिली तर धूळ तिथून थेट कॉइलवर जाते.
४. कडेवर पेनाने तारीख लिहा.

"सगळ्यात चांगला" म्हणून मर्व १३ चा एक इंची फिल्टर आणून बसवू नका (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा). जाळी जितकी बारीक तितकी हवा अडते, आणि पातळ फिल्टरला तेवढी हवा सोडायला जागाच नसते. युनिटच्या माहितीपत्रकात वेगळं सांगितलं नसेल तर एक इंचीत मर्व ८ ते ११ पुरे.

आता घरभर फिरा. हवा परत खेचणारी मोठी जाळी कशाने झाकली आहे का? सोफा, सतरंजी, आई-बाबा आल्यावर भिंतीला लावलेली गादी, काहीही असू शकतं. आणि कुणी नसलेल्या खोल्यांतली हवेची तोंडं "वीज वाचेल" म्हणून बंद केली आहेत का? ती उघडा. सेंट्रल एसीला ढोबळमानाने प्रत्येक टनामागे मिनिटाला ४०० घनफूट हवा लागते. तोंडं बंद केली तरी पंख्याला तेवढीच हवा ढकलायची असते. दाब वाढतो, हवा घटते, कॉइल गोठते, आणि बिल उतरत नाही.

तपासा: फिल्टर काढून एसी दोन मिनिटं चालवा. तोंडांतून येणाऱ्या हवेचा जोर एकदम वाढला तर दोष फिल्टरचाच होता. फिल्टर परत बसवायला विसरू नका; तो नसताना एसी चालवायचा तो एवढ्या तपासणीपुरताच.

## पायरी ४: बर्फ आहे का?

उन्हाळ्यात एसीवर बर्फ, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हवा घटली की कॉइल इतकी थंड होते की तिच्यावरची ओल गोठते. बर्फ झाला की हवा आणखी अडते आणि बर्फ आणखी वाढतो. बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी काळ्या फोमने गुंडाळलेली जाड नळी पाहा. तिच्यावर पांढरा थर असेल तर आतली कॉइल गोठली आहे असंच समजा.

इथे सगळे करतात ती चूक म्हणजे "थोडं आणखी चालू दे, गार होईल." होणार नाही. वायू होऊन जायचं ते रेफ्रिजरंट, म्हणजे आपण ज्याला गॅस म्हणतो ते, द्रव राहूनच कंप्रेसरमध्ये जातं, आणि यंत्राचा सगळ्यात महागडा भाग त्यानेच मरतो.

करायचं असं:

१. थर्मोस्टॅट "कूल" वरून "ऑफ".
२. पंखा मात्र "ऑन". ही एकच वेळ जेव्हा "ऑन" बरोबर आहे.
३. बर्फ पूर्ण वितळू द्या. तीन-चार तास लागतात, कधी अख्खी रात्र. सुरीने खरवडू नका, हेअर ड्रायर लावू नका.
४. वितळलेलं पाणी ट्रेमध्ये मावतं आहे ना, ते दोनदा वर जाऊन बघा.
५. नवा फिल्टर, सगळी तोंडं उघडी, मगच "कूल".

तपासा: स्वच्छ फिल्टर आणि मोकळ्या हवेनंतरही दोन दिवसांत पुन्हा बर्फ आला तर कारण गॅसची गळती, मळलेली कॉइल किंवा मंदावलेला पंखा. तंत्रज्ञाला बोलवा, आणि तो येण्याआधी बर्फ वितळवून ठेवा. गोठलेल्या यंत्राचं माप घेता येत नाही, मग दुसऱ्या फेरीचे पैसे पडतात.

## पायरी ५: पाण्याचा निचरा

एसी हवेतली ओल काढतो. दमट दिवसात ती काही गॅलन असते. हे पाणी पाऊण इंची प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर जातं. ही मुख्य नळी बुजली की पाणी युनिटखालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. दुसरी नळी मुद्दाम खिडकीच्या किंवा दाराच्या डोक्यावर काढतात, टपकलेलं नजरेस पडावं म्हणून.

हे मला माहीत नव्हतं. एका जुलैत भारतातून परतलो तर पाहुण्यांच्या खोलीच्या छताला ताटाएवढं तपकिरी कडं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या खिडकीवरून पाणी टपकत होतं, आम्हाला वाटलं एसीचं असंच असतं." माळ्यावर गेलो तर ट्रे काठोकाठ भरलेला, दुसऱ्या नळीच्या तोंडाशी इन्सुलेशनचा बोळा, आणि मुख्य नळीत भिजवलेल्या सब्जासारखा गिळगिळीत बुळबुळीत थर. ट्रेला सुरक्षा-स्विचच नव्हता. छत दुरुस्त करायला जो खर्च आला त्यात असे पंचवीस-तीस स्विच आले असते.

खिडकीवर पाणी टपकताना दिसलं की त्याच दिवशी नळी साफ करायची. क्रम असा:

१. थर्मोस्टॅट बंद, माळ्यावरचा स्विचही बंद.
२. मुख्य नळी कुठे संपते ते पाहा. काही घरांत ती बाहेर जमिनीलगत उघडते, इथल्या बऱ्याच घरांत ती बाथरूमच्या बेसिनखालच्या पाइपला जोडलेली असते.
३. बाहेर उघडत असेल तर तिथे ओला-सुका व्हॅक्यूम लावा, फट चिंधीने घट्ट बंद करा आणि दोन-तीन मिनिटं ओढा. टाकीत काळपट चिकट गोळे आले की समजा मार्ग मोकळा होतो आहे.
४. मगच माळ्यावर युनिटजवळच्या टी-जोडाचं टोपण काढून एक कप व्हिनेगर ओता. अर्धा तास थांबा.
५. त्यानंतर लिटरभर पाणी हळूहळू ओता. खाली उभ्या असलेल्या माणसाला ते बाहेर पडताना दिसलं पाहिजे. नळी बेसिनला जोडलेली असेल तर तिथे कान देऊन खळखळ ऐकू येते का ते पाहा.

आधी ओतायचं आणि मग ओढायचं, असा उलटा क्रम करू नका. बुजलेल्या नळीत ओतलेलं सगळं परत ट्रेमध्ये येतं. बेसिनवाल्या नळीत व्हॅक्यूम चालत नाही, म्हणून तिथे अर्धाच कप ओतून आधी अंदाज घ्या. उतरत नसेल तर प्लंबर किंवा एसीवाला.

इशारा: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, एकामागून एकही नाही. दोन्हीतून क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो आणि माळ्यावर हवा खेळती नसते.

जिथे टोपण होतं तिथे टोपण परत लावा. जिथे नळीचं तोंड आधीपासून उघडं होतं ते उघडंच राहू द्या; ते हवेसाठी असतं, बंद केलं तर पाणी अडखळतं.

तपासा: ट्रेच्या काठावर तार जोडलेली छोटी डबी दिसते का? तो फ्लोट स्विच. पाणी चढलं की तो एसी बंद करतो. ट्रेतलं पाणी व्हॅक्यूमने काढलं की एसी आपोआप सुरू होतो आणि थर्मोस्टॅटचा कोरा पडदाही उजळतो. स्विच नसेल तर पुढच्या सर्व्हिसमध्ये नक्की बसवून घ्या.

## पायरी ६: बाहेरचं युनिट

चारही बाजूंना किमान दोन फूट आणि वर पाच फूट मोकळी जागा हवी. तुळशीच्या, कढीपत्त्याच्या कुंड्या तिथे रांगेत मांडू नका. मे महिन्यात कॉटनवूडचा कापूस उडतो आणि जाळीवर दुलईसारखा बसतो, त्यावर कापलेलं गवत.

धुताना आधी डिस्कनेक्टचा ठोकळा ओढून काढा. मग बागेच्या पाइपने साध्या धारेने, वरून खाली, चारही बाजूंनी धुवा. प्रेशर वॉशर लावू नका. पातळ पाती मुडपली की हवा कायमची अडते. अर्धा तास वाळू द्या, ठोकळा सुलटा बसवा.

सुरू केल्यावर ऐका. आतला पंखा चालू, पण बाहेर नुसती गुणगुण आणि पंखा फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर (पंखा आणि कंप्रेसर सुरू करायला वीज साठवणारा भाग) गेला. काडीने पाती ढकलून पंखा फिरवण्याचे व्हिडिओ खूप आहेत, तसं करू नका. कपॅसिटर वीज तोडल्यावरही भार धरून ठेवतो आणि जोरदार झटका देतो. बाहेर अगदी शांतता असेल तर काँटॅक्टर, म्हणजे युनिटला वीज जोडणारा-तोडणारा स्विच, पाहावा लागेल. टेक्ससमध्ये त्याच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या शिरून चिरडतात आणि संपर्क तुटतो. तंत्रज्ञाने झाकण काढलं की काळ्या मुंग्यांचा भुगा दिसतो. युनिटभोवती मुंग्यांची वारुळं होऊ देऊ नका, पण ते झाकण तंत्रज्ञालाच उघडू द्या.

## पायरी ७: माप घ्या, मग मत बनवा

एसी सलग पंधरा मिनिटं चालू द्या. हवा आत खेचणाऱ्या जाळीपाशी थर्मामीटर धरा, आकडा लिहा. मग युनिटच्या सगळ्यात जवळच्या तोंडात धरा. दोन आकड्यांत साधारण १५ ते २० अंशांचा फरक हवा.

फरक आठ-दहावर आला तर गारवा तयारच होत नाही. २२-२५ च्या वर गेला तर हवा कमी पडते, पायरी ३ पुन्हा करा. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो.

फरक १७ आहे, बाहेर १०५ आहे आणि घर ७८ च्या खाली उतरत नाही, तर यंत्र धडधाकट आहे. घरचा एसी बाहेरच्यापेक्षा पंचवीसेक अंश खाली आणण्याच्या हिशोबानेच बसवलेला असतो. अशा दुपारी पडदे ओढा, ओव्हन लावू नका, कुकर सकाळीच उरका.

## पायरी ८: तंत्रज्ञाला बोलावताना

वरच्या सगळ्या नोंदी, दोन्ही तापमानं आणि फोटो त्याच्या हातात द्या. टेक्ससमध्ये एसी कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतो. टीएसीएलए किंवा टीएसीएलबीने सुरू होणारा क्रमांक गाडीवर आणि बिलावर हवा. रेफ्रिजरंट हाताळणाऱ्या माणसाकडे ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) कलम ६०८ चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ओळखीतल्या कुणाकडून "थोडा गॅस" भरून घेणं सोडाच.

"गॅस कमी आहे" असं ऐकलं की एकच प्रश्न विचारा: गळती कुठे आहे? गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. दर उन्हाळ्यात दोन पौंड भरून घेणाऱ्या घरांनी चार वर्षांत नव्या कॉइलचे पैसे उडवलेले मी पाहिले आहेत. बिलावर सुपरहीट आणि सबकूलिंगचे आकडे लिहून घ्या; गॅसचं प्रमाण बरोबर आहे का ते त्यांवरून कळतं. कपॅसिटर बदलायचा म्हणाला तर त्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि मीटरवर आलेले मायक्रोफॅरड दोन्ही विचारा, जुना भाग मागून घ्या.

युनिट आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारं असेल तर गळती दुरुस्तीत फार पैसे घालू नका. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे. आर-४१०ए चं युनिट असेल तर घाबरून बदलू नका. १ जानेवारी २०२५ पासून घरगुती एसीची नवी यंत्रं आर-४५४बी किंवा आर-३२ वर बनतात, पण जुनी दुरुस्त करून वापरायला बंदी नाही. नवं घेतलंत तर लगेच नोंदणी करा. बऱ्याच कंपन्या ठरलेल्या दिवसांत नोंदणी केली तरच सुट्या भागांची वॉरंटी दहा वर्षं देतात, नाहीतर ती पाचावर येते.

## भारतात जाण्यापूर्वी

उन्हाळ्यात महिनाभर जाताना एसी पूर्ण बंद करून जाऊ नका. बंद घरात ओल साठते आणि कपाटांत बुरशी धरते. थर्मोस्टॅट ८२ ते ८५ वर, पंखा "ऑटो". निघण्याच्या आठवड्यात फिल्टर नवा, निचऱ्याची नळी साफ, ट्रे कोरडा, फ्लोट स्विच हाताने उचलून एसी खरंच बंद होतो का ते पाहिलेलं. किल्ली देताना शेजाऱ्यांना ती खिडकी बोटाने दाखवा आणि सांगा: वरून पाणी टपकताना दिसलं तर आत जाऊन एसी बंद करा आणि आम्हाला फोन करा, भारतात कितीही वाजलेले असोत.